वॉल्डॉर्फ शिक्षक-प्रशिक्षण, उन्हाळी
कलेला सर्व विषयांचे माध्यम मानणाऱ्या बालकेंद्री वॉल्डॉर्फ पद्धतीचा (पहा : श्टाइनर, रूडोल्फ) शिक्षकांसाठीचा सुटीतील अभ्यासक्रम. एमिल मोल्ट यांच्या श्टुटगार्ट येथील सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढताना या पद्धतीचे प्रवर्तक रूडोल्फ श्टाइनर यांनी 21 ऑगस्ट ते 5 सप्टेंबर 1919 या काळात भावी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. मानवाच्या जडणघडणीवर व्याख्यान, मग अध्यापनपद्धती, शेवटी चर्चा असा दिनक्रम होता. 7 सप्टेंबरला शाळा सुरू झाली. पुढील अभ्यासक्रमांत शिक्षक स्वतः जलरंगचित्रण, आकृतिरेखन, गायन आणि यूरिदमी ही बोल व सुरांना अनुसरणारी हालचालींची कला शिकतात. कारण वर्गात अक्षरे चित्रांतून व पाढे तालातून शिकवायचे असतात. मुंबईतील त्रिधा ही याच पद्धतीची शाळा होय (पहा : बालशिक्षण, माँटेसरी शिक्षणपद्धती).