माळ्याची जखम आणि कागदांतील शब्द

कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून इ. स. १६९४ च्या सुमारास जिंजीस जी बखर लिहिली, तींत अफजलखानाच्या वधानंतर शिवाजीमहाराजांनीं आपल्या लोकांचा परामर्ष कसा घेतला ह्याची हकीकत आहे. लढाईंत पडलेल्यांच्या मुलांस चालविलें. मुलगा नसेल तेथें बायकोस निम्में वेतन लावून दिलें. आणि जखमींस जखम पाहून २५ पासून २०० पर्यंत होन दर असामीस दिले. हा भाग आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. त्यावरून महाराजांच्या औदार्याची वाखाणणी पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस मात्र त्यांत औदार्याहून निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ती ही कीं, येथें जखमेचें मोजमाप आहे. बक्षीस देणारा धनी मर्जीप्रमाणें देतो. जखम पाहून देणारा धनी, आपण त्या मनुष्याचें कांहीं देणें लागतों, असें मान्य करितो.

परंतु हा दर कोणाच्या जखमेचा? शिपायाच्या. त्याच राज्यांत झाडें लावणारा, मोट धरणारा, फुलांची परडी पोंचविणारा माळीही चाकरच होता. त्याचा पाय मोडला तर काय? प्रस्तुत लेखांत ह्या प्रश्नाचा माग काढावयाचा आहे. आमचें म्हणणें आधींच सांगून टाकतों. माळ्याची जखम किती खोल, हें पाहण्यापूर्वीं तो कागदांत कोणत्या शब्दानें लिहिला आहे हें पाहिलें गेलें, आणि बहुतेक वेळां त्या शब्दापाशींच त्याचा हक्क थांबला.

माळीकाम हें निरुपद्रवी, किंबहुना सुखाचें काम, अशी समजूत आहे. ती बागेंत फिरावयास जाणाऱ्यांची समजूत होय. मोटेचा नाडा तुटला म्हणजे बैलांसह माणूस धावेवरून विहिरींत जातो. माडावरून पडलेला मनुष्य वांचलाच तर कमरेंतून जातो. कोयती, विळा, कुदळ हीं रोजचीं हत्यारें. केवड्याच्या बनांतील साप हा रोजचा शेजारी. ह्या सर्वांहून कपटी अपघात म्हणजे कांटा. धनुर्वाताचे जंतू मातींत व शेणखतांत असतात, हें निकोलायर ह्या जर्मन वैद्यानें १८८४ सालीं दाखविलें आणि किटासाटो ह्या जपानी शास्त्रज्ञानें १८८९ सालीं ते जंतू वेगळे काढले. गुलाबाचा कांटा बोटांत मोडतो, माळी तो दांतानें उपटून टाकतो, आणि आठ-दहा दिवसांनीं त्याची दांतखिळी बसते. अशी जखम पाहून कोणता दर ठरवावा? ती तर दिसेनाशी झालेली असते. हा कांटा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

प्राचीन ग्रंथांपैकीं ह्या विषयावर सर्वांत स्पष्ट बोलतो तो कौटिल्य. एका ताडपत्री पोथीच्या योगानें हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हातीं आला व त्यांनीं तो १९०९ सालीं छापला, ही हकीकत पोथ्या जमविणाऱ्यांस उमेद देणारी आहे. सीताध्यक्षाच्या प्रकरणांत भाजीपाल्याचे मळे व बागा राखणारे, गुराखी, दास आणि मजूर ह्यांस कुटुंबांतील माणसांच्या मानानें अन्न आणि दरमहा सव्वा पण वेतन द्यावें, असा नियम आहे. म्हणजे बागवान येथें नांवानिशीं पगारपत्रकांत आहे. पुढें भृत्यभरणाच्या प्रकरणांत, कामावर असतां मेलेल्यांच्या बायकामुलांस अन्नवेतन मिळावें, आणि त्यांच्या घरचीं मुलें, म्हातारे व आजारी ह्यांवर राजानें अनुग्रह करावा, असें सांगितलें आहे. येथें योजलेला शब्द 'कर्म' आहे, 'युद्ध' नव्हे. कौटिल्यासारखा शब्दांचा कृपण लेखक हा भेद अजाणतां करील असें आम्हांस वाटत नाहीं. तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बागवानाचा नियम एका अधिकरणांत आहे व मृताच्या कुटुंबाचा नियम दुसऱ्या अधिकरणांत, मंत्र्यांपासून खालपर्यंतच्या राजसेवकांच्या पगारांच्या यादीमागें आहे. दोहोंची सांगड घालण्याचें काम वाचणाऱ्याचें. तत्कालीन अधिकाऱ्यानें ती घातली असेलच असें नाहीं. शिवाय हा नियम मृताच्या घरच्यांचा आहे. हात तुटून जिवंत राहिलेल्याला काय, ह्याचें उत्तर तेथें नाहीं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, आजारी पडलेल्या चाकरानें बरें झाल्यावर ठरलेलें काम पुरें केलें तर कितीही काळ लोटला असला तरी त्यास वेतन मिळावें, असें आहे. ही सवलत पुन्हा बरें होणाऱ्याची. शुक्रनीतींत धन्याच्या कामांत मेलेल्याच्या मुलास लहानपणीं बापाचें वेतन चालवावें, असा सुंदर नियम आहे, आणि त्याचा दाखला वारंवार दिला जातो. परंतु तो ग्रंथ आज आहे त्या रूपांत एकोणिसाव्या शतकांतला असावा, असें लल्लनजी गोपाल ह्यांनीं १९६२ सालीं साधार प्रतिपादिलें. तेव्हां त्याच्या आधारावर प्राचीन हिंदुस्थानांतील पेन्शनीचे इमले उभारणाऱ्यांनीं जरा सबूर करावा.

आतां मराठी राज्याकडे वळूं. अठरा कारखाने व बारा महाल ह्यांच्या प्रसिद्ध यादींत 'शेरी' हा महाल आहे. सरकारी जमिनी-मळ्यांची व्यवस्था ती हीच. झाडांविषयीं ह्या राज्याची आस्था किती होती हें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावरून (इ. स. १७१६) दिसतें. गडावर आंबे, फणस, वड, पिंपळ इतकेंच नव्हे, तर निंबे, नारिंगें व फुलझाडें लावावीं आणि राखावीं, अशी आज्ञा आहे. आरमाराच्या लांकडासंबंधीं लिहितांना, रयतेचीं आंब्याफणसांचीं झाडें सर्वथा तोडूं नयेत, कारण तीं वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, लोकांनीं तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, असें कारण दिलें आहे. आणि एखादें जीर्ण झाड घेणेंच पडलें तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें, असें बजाविलें आहे. झाड गेलें तर भरपाई, आणि तीही संमतीनें! झाड वाढविणाऱ्याचें दुःख ज्यास इतकें कळलें त्या अमात्यानें, झाडावरून पडलेल्याचें काय करावें, हें मात्र त्या प्रकरणांत लिहिलें नाहीं. ह्याचा दोष आम्ही त्यास देत नाहीं. झाडाला धनी होता व तो तक्रार करूं शके. पडलेल्याच्या मोडलेल्या हाडाचा धनी तो स्वतःच.

गांवच्या माळ्याची गोष्ट थोडी वेगळी होती. अलुत्यांच्या प्रचलित यादींत माळी आहे. त्याचें काम वतनी. तो जायबंदी झाला तर भाऊ किंवा मुलगा फुलें पोंचवी व घराचा हक्क चालू राही. ही नुकसानभरपाई नव्हे. पण घर उपाशी न पडण्याची ती एक सोय होती, असें आमचें अनुमान आहे. वाड्याच्या किंवा सरकारी बागेंत दरमहावर ठेविलेल्या माळ्यास ती सोयही नसे. 'बालपरवेशी' हा शब्द आमच्या कागदांत लढाईंत पडलेल्यांच्या मुलांच्या नेमणुकीस लागतो. 'कामास आला' ह्या शब्दांचा अर्थही आमचे वाचक न अडखळतां 'रणांत पडला' असाच करितात. 'काम' हा इतका व्यापक शब्द रणापुरता आकसला, ह्यांतच पुष्कळ इतिहास आहे.

पेशवाई १८१८ सालीं संपली. नव्या अमलांत मोठाल्या बागा झाल्या. दापोडीची सरकारी वनस्पतिबाग १८२८ ची, भायखळ्याची राणीची बाग १८६२ ची. दापोडीस १८४७ ते १८५० पर्यंत डॉ. गिब्सन ह्यांनीं एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढविलेलीं झाडांचीं चित्रें एडिंबरोस जतन आहेत. त्या चित्रकाराचेंच नांव राहिलें नाहीं, मग आळीं करणाऱ्या माळ्याचें कोठून राहणार? ह्या नव्या चाकरांच्या जखमा ज्या कायद्यानें पुढें मोजल्या जावयाच्या, त्याचे शब्द मात्र इंग्लंडांत घडले. म्हणून क्षणभर तिकडे गेलें पाहिजे.

१८३५ सालीं नोलन विरुद्ध अॅब्लेट हा खटला तेथें झाला. वादी एका श्रीमंताचा मुख्य माळी. सालीना १०० पौंड पगार. राहण्यास धन्याच्याच आवारांत स्वतंत्र घर. वाद जखमेचा नव्हता, नोकरींतून काढण्याच्या मुदतीचा होता. न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, हा माळी 'मीनियल' म्हणजे घरगुती हलका चाकर आहे, सबब एक महिन्याची सूचना पुरे. पुढें १८८० सालीं धन्याच्या जबाबदारीचा कायदा झाला. जखमी मजुरास निदान कांहीं प्रसंगीं दावा लावण्याची त्यानें मोकळीक दिली. पण मजुराची व्याख्या १८७५ च्या कायद्यांतून उचलली, आणि तींत शेतावरील गडी आंत घेऊन मीनियल चाकर बाहेर ठेविला होता. नांगर धरणारा आंत, गुलाब छाटणारा बाहेर! नोकरीच्या मुदतीसाठीं ४५ वर्षांपूर्वीं वापरलेला शब्द असा जखमेच्या आड आला.

१८९७ च्या कायद्यानें धन्याचा दोष सिद्ध न करितां भरपाई मिळण्याचें नवें तत्त्व आणलें. परंतु तें रेल्वे, कारखाने, खाणी व मोठीं बांधकामें ह्यांपुरतें. १९०० सालीं शेती आंत आली व शेतींत बागाईतही धरली गेली. १९०६ सालीं घरगुती चाकरांसह बहुतेक सर्वांस तो हक्क मिळाला. मात्र त्याच वेळीं एक नवी चौकट उभी राहिली. ज्याचें काम नैमित्तिक आहे आणि जो धन्याच्या धंद्यासाठीं ठेविलेला नाहीं, तो कामगार नव्हे. १९०८ सालच्या दोन निकालांत, ठरलेल्या वारीं धुणें धुणारी बाई नैमित्तिक नव्हे, पण अनियमितपणें बोलावला जाणारा खिडक्या पुसणारा नैमित्तिक, असें ठरलें. तुकड्या-तुकड्यांनीं चार बंगल्यांच्या बागा करणाऱ्या माळ्याचें दैव ह्या दोहोंमध्यें लोंबत राहिलें.

इकडे १८५५ च्या १३ व्या आक्टानें मृताच्या वारसांस दावा लावतां येई. पण दुसऱ्याचा दोष शाबीत करणें त्यांच्यावर असे. विहिरींत पडलेल्या माळ्याच्या विधवेनें तो कसा शाबीत करावा? कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. त्यांत १९०६ ची ती नैमित्तिकाची चौकट जवळजवळ शब्दशः आली, आणि तिच्याभोंवतीं दुसरें कुंपण पडलें. मनुष्य दुसऱ्या परिशिष्टांत सांगितलेल्या कामावर असला पाहिजे. रेल्वे, कारखाने, खाणी, जहाजें, गोदी ह्यांस स्थान मिळालें; माळ्याचें नांव नव्हतें.

पहिलें परिशिष्ट मात्र सभासदाच्या वाचकांनीं मुद्दाम पाहण्यासारखें आहे. जखम पाहून दर! कोपरावर तुटलेला उजवा हात शेंकडा ७०, डावा ६०, गुडघ्यावर तुटलेला पाय ६०, एक डोळा ३०, आंगठा २५, तर्जनी १०. पूर्ण निकामी झालेल्यास ४२ महिन्यांचें वेतन, फार तर ३५०० रुपये. मृत्यूबद्दल ३० महिन्यांचें, फार तर २५०० रुपये. समजा, १२ रुपये दरमहाचा माळी ह्या कायद्यांत बसला असता, तर त्याच्या उजव्या हाताचें मोल ३५२ रुपये व सुमारें १३ आणे झालें असतें, डाव्याचें ३०२ रुपये ६ आणे. डावऱ्या माळ्याचा विचार परिशिष्ट करणाऱ्यास सुचलेला दिसत नाहीं. सभासद कोणत्या जखमेस किती होन हें सांगत नाहीं, हें परिशिष्ट बोटाच्या पेरापर्यंत सांगतें. पण मूळ कल्पना एकच.

आणि तो कांटा? अपघात होतांच शक्य तितक्या लवकर धन्यास सूचना दिली पाहिजे, असा कायद्याचा नियम. बोटांत कांटा मोडल्याची सूचना कोणता माळी देईल? आरंभीं दहा दिवसांहून कमी काळ टिकणाऱ्या दुखापतीस मोबदला नव्हता. १९३३ सालीं ही मुदत सात दिवसांवर आली. धनुर्वातानें माणूस मेला तर मुदतीची अडचण येत नाहीं हें खरें, पण कांटा कामावरच लागला हें सांगणारा साक्षीदार त्याच्याबरोबरच गेलेला असतो.

शाही मजूर कमिशनच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३३ सालीं दुरुस्ती झाली. २५ किंवा अधिक मजूर असलेले चहा, कॉफी, रबर व सिंकोना ह्यांचे मळे आंत आले. ताडमाडांस छेद देणारे, झाडें तोडणारे आले. रानांतील हत्ती धरणारेसुद्धां आले. साधा बागेचा माळी राहिलाच. १९६३ सालीं, कानपूरच्या एका कापडगिरणीच्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतील बागा करणारे माळी गिरणीचे कामगार ठरतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें दिला. तो औद्योगिक कलहाच्या कायद्याखालील होता, जखमेचा नव्हता. तरी माळ्याच्या कामाचा धन्याच्या धंद्याशीं संबंध जोडणारा म्हणून तो आम्हांस नोलनच्या खटल्याचा उतारा वाटतो. नुकसानभरपाईच्या दुसऱ्या परिशिष्टांतही पुढें बागाईत कामें, वनें, मधमाशा पाळणें आणि यंत्रानें होणारी शेती असा एकत्र उल्लेख आला. त्यांतील 'यंत्रानें' हें पद शेतीपुरतें घ्यावें कीं बागाईतीसही लावावें, हा अन्वयाचा प्रश्न आमच्या शास्त्र्यांस आवडण्याजोगा आहे. खुरप्यानें काम करणाऱ्यास तो तितका आवडणार नाहीं. नैमित्तिकाची चौकट १९०६ पासून चालत आली होती, ती इकडे २००० सालीं काढून टाकण्यांत आली. २००९ च्या दुरुस्तीनें कायद्याच्या नांवांतील 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. कौटिल्याच्या 'कर्मा'शीं ह्या शब्दाचें नातें जुळतें, हा निव्वळ योगायोग होय.

आतां संग्राहकांस एक विनंति. १९२३ च्या कायद्याप्रमाणें मृत्यूबद्दलची रक्कम कमिशनरापुढें भरावी लागे व तो ती आश्रितांस वांटून देई. त्यामुळें अशा प्रकरणांच्या कागदांत मृताचें वेतन व त्याचे आश्रित ह्यांची जी माहिती येते, ती गरीब माणसाविषयीं दुसरीकडे क्वचितच मिळते. सरकारी दफ्तरांत असे कागद मुदतीनंतर फाडण्याची रीत आहे. संस्थानांच्या खासगी बागांचीं हजेरीपत्रकें व कीर्दी तर रद्दींतच जातात. सनद हातीं लागली तर ती मात्र रेशमी रुमालांत बांधली जाते. कोणाच्या संग्रहांत बागेच्या हिशेबाचे कागद असतील, आणि त्यांत एखाद्या माळ्याच्या नांवापुढें 'पडला', 'साप डसला', 'औषधास दिले' अशी नोंद असेल, तर तिची नक्कल मितीसह मंडळाकडे पाठवावी. रक्कम कोणत्या सदराखालीं खर्ची पडली आहे, वेतन, बक्षीस कीं धर्मादाय, तेंही अवश्य उतरून घ्यावें.