मोडलेल्या घोट्याची किंमत

"डॉक्टर, घोटा मोडला, भरपाई किती मिळेल?" हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे ३,७५० वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात सामान्य माणसाचे हाड मोडल्यास एक मिना चांदी द्यावी लागे. गुलामाचे मोडल्यास त्याची निम्मी किंमत. म्हणजे मोल हाडाचे नव्हते, माणसाच्या दर्जाचे होते.

भारतात १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने गमावलेल्या अवयवांचे टक्के ठरवले. मोडलेला घोटा त्या यादीत नव्हता; तिथे कमाईची क्षमता किती घटली, हे डॉक्टर ठरवत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहन अपघाताच्या एका दाव्यात स्पष्ट केले, की अपंगत्वाचे टक्के आणि कमाईतील घट एकच नव्हे. आखडलेल्या घोट्याने कारकुनाचे काम चालते, गवंड्याला मात्र शिडी चढता येत नाही. म्हणून दाखला घेताना तुम्ही काय काम करता, ते डॉक्टरांना जरूर सांगा.