निम्म्या अंतराची शर्यत

आज आम्ही तुमच्याशी बोटीच्या शर्यतीबद्दल बोलणार आहोत. मराठीत या खेळाला नौकानयन म्हणतात, पण मैदानावरची मुलं-मुली रोइंग असंच म्हणतात. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. त्या म्हणतील, आम्हाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही बोटीच्या गोष्टी काय सांगता? त्यांनी तर हे जरूर ऐकावं. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या टंचाईच्या गावातला एक मुलगा या खेळात ऑलिंपिकपर्यंत पोचला. मग आपल्या मुलींसाठी तोच रस्ता किती लांब होता आणि तो कुणी लांब केला, हा आजचा विषय.

आधी खेळ समजून घेऊ. राष्ट्रीय स्पर्धेत कुमार गट असतो, त्याला ज्युनियर म्हणतात. ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात, त्या वर्षाअखेरपर्यंत मूल ज्युनियर धरलं जातं, असा जागतिक नियम आहे. या गटातली सगळ्यात अवघड शर्यत म्हणजे सिंगल स्कल्स. बोटीत एकटंच बसायचं आणि दोन हातांत दोन वल्ही घ्यायची. बोट आठ मीटरहून थोडी लांब, रुंदीला जेमतेम दीड वीत. वजन कमीत कमी १४ किलो ठेवावं लागतं, म्हणजे पाण्याने भरलेल्या हंड्याइतकं. एवढ्याशा बोटीत तोल सांभाळून २००० मीटर जायचं. मुलींना त्याला साधारण आठ-नऊ मिनिटं लागतात.

यात दोन गमती आहेत. एक म्हणजे वल्हवणारी पाठीमागे तोंड करून बसते. सुटलेली जागा दिसते, शेवटची रेघ दिसत नाही. दुसरी म्हणजे बसायची पाटी चाकांवर मागेपुढे सरकते. गुडघे दुमडून पुढे यायचं आणि पायांनी रेटा द्यायचा. बघणाऱ्याला वाटतं हाताचा खेळ आहे, पण खरी ताकद मांड्यांची आणि कमरेची लागते. उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आता इतिहासाकडे येऊ. या शर्यती वाढल्या इंग्लंडमध्ये, थेम्स नदीवर. नदीवर वल्ही मारून पोट भरणारे नावाडी पिढ्यानपिढ्या होतेच. शर्यतीही त्यांच्यातच लागत. मग शिकलेल्या, पैसेवाल्या घरातल्या पुरुषांनी हा खेळ उचलला. हेन्ली नावाच्या गावी १८३९ साली मोठी स्पर्धा सुरू झाली. १८४४ साली तिथे एकट्याच्या बोटीची शर्यत आली, ती डायमंड स्कल्स. पुढे १८७९ साली हेन्लीने नियम केला की, जो कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर आहे किंवा पूर्वी मजुरीवर होता, त्याला हौशी खेळाडू मानायचं नाही. म्हणजे ज्याचे हात कामाने घट्ट झालेत, त्याने आमच्याबरोबर वल्हं मारायचं नाही.

हा नियम कागदावरच राहिला नाही. १९२० साली अमेरिकेतला जॉन केली हा जबरदस्त खेळाडू डायमंड स्कल्ससाठी निघाला होता. त्याचा अर्ज नाकारला. त्याच्या क्लबशी जुना वाद होता हे एक कारण, आणि त्याने गवंडीकाम केलं होतं हे दुसरं. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकमध्ये केलीने सिंगल स्कल्सचं सुवर्णपदक मिळवलं आणि अंतिम शर्यतीत इंग्लंडच्याच खेळाडूला मागे टाकलं. मजुरांवरची ही बंदी उठायला १९३७ साल उजाडलं. पुढे १९४७ साली त्याच केलीच्या मुलाने डायमंड स्कल्स जिंकली.

हे झालं गड्यांचं. बायांचं काय? कष्टकरी बाया तर आधीपासूनच वल्हवत होत्या. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला सॉल्टॅश नावाचं गाव आहे. तिथे अ‍ॅन ग्लॅनव्हिल नावाची बाई होती, जन्म १७९६ चा, चौदा लेकरांची आई. नवरा आजारी पडल्यावर तिने त्याची बोट हातात घेतली आणि घर चालवलं. गावातल्या बायांचा संघ करून ती ठिकठिकाणी पुरुषांशी शर्यती खेळली. फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात जाऊन तिच्या संघाने तिथल्या पुरुषांना हरवलं. लोक तिची तारीफ करत, पण मोठ्या स्पर्धांची दारं काही तिच्यासारखीला उघडली नाहीत.

दुसरी गोष्ट लंडनची. फ्रेडरिक फर्निव्हल नावाचे एक विद्वान होते. इंग्रजीचा जो मोठा ऑक्सफर्ड शब्दकोश आहे, त्याच्या सुरुवातीच्या कामात त्यांचा मोठा वाटा. मजुरांना शर्यतीतून वगळणं त्यांना पटत नव्हतं. त्यांनी १८९६ साली हॅमरस्मिथ इथे मुलींसाठी वल्हवण्याचा क्लब काढला. त्यात कोण आलं? चहाच्या दुकानात काम करणाऱ्या आणि माल विकणाऱ्या मुली. आठवडाभर उभ्याने काम, सुटी फक्त रविवारची. त्या रविवारी नदीवर येत. पुरुषांना या क्लबात १९०१ साली घेतलं. तो क्लब फर्निव्हल यांच्या नावाने आजही चालू आहे.

तिसरी गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात नदीकाठी बोट क्लबांची एक रांगच आहे. सगळे क्लब पुरुषांचे. अर्नेस्टाइन बायर ही बँकेत काम करणारी बाई. तिचा नवरा ऑलिंपिक पदक मिळवलेला नौकापटू. तो सराव करणार आणि हिने काठावर बसून बघायचं. हिने आणि इतर बायांनी मिळून १९३८ साली नदीकाठची एक इमारत भाड्याने घेतली आणि मुलींचा क्लब सुरू केला. पुढे १९६७ साली फ्रान्समधल्या व्हिशी इथे युरोपीय स्पर्धा झाली, तिथे अमेरिकेच्या बायांचा पहिला संघ हिच्याच खटपटीने गेला. मैत्रिणींनो, दहा-वीस जणींनी एकत्र येऊन भाडं भरायचं, सामान सगळ्यांचं मिळून वापरायचं आणि हिशेब चोख ठेवायचा, ही रीत आपल्याला नवी नाही.

आता अंतराकडे येऊ. बायांनी वल्हवलेलं चालेल, पण जोरात वल्हवलेलं चालणार नाही, असा एक काळ होता. १९२७ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या मुलींची पहिली लढत झाली. त्यात दोन्ही बोटी एका वेळी नदीत उतरवल्याच नाहीत. एकीनंतर एक सोडल्या, आणि वेळेबरोबर वल्हवण्याची ढब किती सुबक आहे याचेही गुण दिले. शर्यत होती की मुलगी बघण्याचा कार्यक्रम, असा प्रश्न पडावा.

युरोपात १९५१ साली मॅकाँ इथे बायांच्या शर्यती चाचणी म्हणून घेतल्या आणि १९५४ साली अ‍ॅमस्टरडॅमला त्यांची पहिली अधिकृत युरोपीय स्पर्धा झाली. पुरुषांना अंतर २००० मीटर, बायांना १०००. बरोबर निम्मं. बाईच्या शरीराला याहून जास्त झेपणार नाही, असं ठरवून टाकलं होतं. ऑलिंपिकमध्ये बायांचं नौकानयन यायला १९७६ साल लागलं. मॉन्ट्रियलच्या त्या ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सचं सुवर्ण पूर्व जर्मनीच्या क्रिस्टिने शायब्लिखने जिंकलं. तिथेही अंतर १००० मीटरच. कुमार गटातल्या मुलींच्या जागतिक शर्यती १९७८ ला सुरू झाल्या, मुलांच्या त्याआधीच चालू होत्या.

त्याच १९७६ सालची अमेरिकेतल्या येल विद्यापीठातली एक घटना ऐका. तिथे मुलं आणि मुली एकाच नदीवर सराव करत. सराव झाला की मुलांना अंघोळीची आणि कपडे बदलायची सोय होती. मुली मात्र थंडीत ओल्या कपड्यांनी बसमध्ये थांबून राहायच्या, मुलांचं आटोपेपर्यंत. शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद करू नये असा कायदा तिथे १९७२ सालीच झाला होता. मुलींनी मागून पाहिलं, काही झालं नाही. मग मार्च महिन्यात क्रिस अर्न्स्ट आणि तिच्या अठरा मैत्रिणी विद्यापीठाच्या क्रीडा कार्यालयात गेल्या. त्यांनी अंगावर त्या कायद्याचं नाव लिहून नेलं होतं. आम्हाला कशा अवस्थेत ठेवता ते पाहा, असं लेखी निवेदन त्यांनी तिथे वाचून दाखवलं. वर्तमानपत्रात बातमी आली आणि मुलींसाठी सोय झाली.

एका न्हाणीघराची ही लढाई. पण गावच्या शाळेत मुलींची मुतारी नसली की मुलगी सातवी-आठवीत घरी बसते, हे आपण पाहिलेलं आहे. खेळ तर त्याच्याही पुढची गोष्ट. मोठ्या भाषणांआधी आडोसा लागतो, पाणी लागतं, कपडे बदलायला जागा लागते.

अखेर १९८५ सालापासून बायांच्या जागतिक शर्यती २००० मीटरच्या झाल्या, आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्या पूर्ण अंतरावर पळाल्या. कुणाचं शरीर मोडलं नाही. आज सिंगल स्कल्समध्ये पुरुष आणि महिला यांच्या जगातल्या सर्वोत्तम वेळांत एका मिनिटाचंही अंतर नाही. हेन्लीत मात्र बायांची एकटीची शर्यत कायमची सुरू व्हायला १९९३ साल लागलं. पुरुषांच्या शर्यतीनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी.

आपल्या देशात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कोलकात्याचा रोइंग क्लब १८५८ चा, मद्रासचा १८६७ चा, पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. साहेबांच्या या क्लबांत आपल्या माणसांना सुरुवातीला जागा नव्हती. भारतीय नौकानयन महासंघ स्थापन झाला १९७६ साली, म्हणजे बायांचं नौकानयन ऑलिंपिकमध्ये आलं त्याच वर्षी.

आपल्याकडे हा खेळ क्लबांबाहेर गरिबाच्या मुलापर्यंत पोचला तो मुख्यतः लष्करामुळे. एका शर्यतीच्या बोटीला काही लाख रुपये पडतात. ती कुठल्या शेतमजुराने घ्यायची? लष्कराकडे बोटी होत्या, पुण्यात सरावाचं केंद्र होतं, पोटाला पुरेसं खाणं होतं. राजस्थानचे बजरंगलाल ताखर हे सैनिक. त्यांनी २०१० साली ग्वांगझू आशियाई स्पर्धेत सिंगल स्कल्सचं सुवर्णपदक आणलं. नौकानयनातलं भारताचं ते पहिलं आशियाई सुवर्ण.

आणि चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदायला जायचे, पेट्रोल पंपावरही काम केलं. वडील गेल्यावर २०१२ साली ते सैन्यात भरती झाले. तोवर वल्हं हातात धरलेलं नव्हतं, पाण्याची भीतीही वाटायची. चार वर्षांत, २०१६ साली, ते रिओ ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्समध्ये उतरले आणि तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत अंगात ताप असताना ते एकेरीत शेवटचे आले. दुसऱ्या दिवशी तिघा साथीदारांबरोबर चौघांच्या बोटीत बसून त्यांनी सुवर्ण जिंकलं. १८७९ च्या हेन्लीच्या नियमाने या माणसाला काठावरूनच परत पाठवलं असतं.

आता आम्ही एक प्रश्न विचारतो. दत्तूंच्या जागी त्याच घरातली, त्याच ताकदीची मुलगी असती तर? २०१२ साली सैन्यात जवान म्हणून मुलींची भरतीच नव्हती. मिलिटरी पोलीस विभागात त्यांना अगदी अलीकडे घेऊ लागले. म्हणजे ज्या दारातून मुलगा पाण्यापर्यंत गेला, ते दार मुलीला बंद होतं. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकपर्यंत भारताकडून नौकानयनात उतरलेले सगळे खेळाडू पुरुषच आहेत, याचं एक कारण आम्हाला इथे दिसतं.

तरी मुली थांबलेल्या नाहीत. २०१० च्याच ग्वांगझूला ओडिशाच्या प्रतिमा पुहाण आणि प्रमिला प्रवा मिंज यांनी दोघींच्या बोटीत कांस्यपदक मिळवलं. केरळमध्ये अलप्पुझा इथे आणि ओडिशात कटकजवळ जगतपूरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं आहेत, तिथे मुली राहून सराव करतात. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये अनिता आणि नारायण कोंगणपल्ले ही जोडी भारताकडून वल्हवली.

मैत्रिणींनो, बाकीच्या बऱ्याच खेळांत लहानपणापासून सुरुवात लागते. या खेळात तसं नाही. उंची, लांब हातपाय, दम आणि सोसण्याची तयारी असली की पंधरा-सोळाव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगीही पुढे जाते. अडचण अशी की, आपल्याकडे नेमक्या त्याच वयात मुलीचं अंतर कमी केलं जातं. दहावी झाली, पुरे. तालुक्याला कशाला जायचं? स्थळ आलंय, बघून तर घेऊ. हे सगळं आपल्याच घरात, आपल्याच तोंडून होतं, कुठलं मंडळ येऊन नियम करत नाही.

तुमच्या मुलीला बोटीतच बसवा, असं आमचं म्हणणं नाही. पण तिला आधी पोहायला शिकवा, आणि तेही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, कारण विहिरी-तलावात मुलं बुडण्याचं दुःख आपण जाणतो. तालुका आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन क्रीडा प्रबोधिनीच्या, वसतिगृहाच्या निवड चाचण्या कधी असतात, ते विचारा. एकटीला जायला संकोच वाटला तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा.

या शर्यतीत वर्षानुवर्षे एक चांगली पद्धत होती. पहिल्या फेरीत मागे राहिलेल्यांची लगेच दुसरी शर्यत घ्यायची आणि त्यातून काहींना पुढे घ्यायचं. त्याला रेपेशाज म्हणत. मुलगी एकदा नापास झाली, एकदा निवड हुकली, तर तिलाही अशी एक दुसरी फेरी घरातून मिळायला हवी. किती दूर जायचं ते मग तिचं तिला ठरवू द्या.