इंग्रज पूर्वजांचा शोध : पॅरिशची दफ्तरे आणि सामान्य माणसाची वंशावळ

वंशावळ ही दीर्घकाळ सत्ता आणि मालमत्ता यांच्या आश्रयाने वाढली. इंग्लंडही याला अपवाद नाही. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत राजाने नेमलेले कुलचिन्हाधिकारी परगण्यांतून दौरे करीत आणि कुलचिन्ह धारण करण्याचा हक्क सांगणाऱ्या घराण्यांची वंशवृत्ते तपासून नोंदवीत. शेतमजूर, विणकर किंवा मोलकरीण यांना या वंशवृत्तांत स्थान असण्याचे कारणच नव्हते. शिवाय उच्चकुलीनांच्या वंशवृत्तांतही कल्पिताचा भरणा पुष्कळ होता. जे. होरेस राउंड या इतिहासकाराने तर अशा बनावट वंशावळी उघड्या पाडण्यात आपली लेखणी बरीच झिजविली. आज मात्र सामान्य इंग्रज कुटुंबालाही सतराव्या, क्वचित सोळाव्या शतकापर्यंत मागे जाता येते. हे ज्या कागदपत्रांमुळे शक्य झाले, त्यांचा मूळ हेतू काय होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये आज्ञा काढली, की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या अधिकारक्षेत्रात, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. दर रविवारी कारभाऱ्यांच्या समक्ष नोंदी कराव्यात आणि वही कुलूपबंद पेटीत ठेवावी, असाही हुकूम होता. हा नव्या कराचा पूर्वरंग असावा, अशी शंका लोकांना आली. ती शंका त्या वेळी निराधार ठरली, तरी पुढील काळात खरीच झाली. १७८३ च्या कायद्याने प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर बसला आणि १७९४ पर्यंत तो चालला. निर्धनांना त्यातून सूट होती. त्यामुळे या अकरा वर्षांत एखाद्या पूर्वजाच्या नावापुढे ‘निर्धन’ असा शेरा आढळला, तर तो शब्दशः घेणे धोक्याचे आहे.

आरंभीच्या बहुतेक वह्या साध्या कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा आदेश निघाला. त्यात एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या, नोंदींवर विशेष भर होता. अनेक धर्मोपदेशकांनी या शब्दांचा सोयीस्कर अर्थ लावून आधीची वीस वर्षे गाळली. पुष्कळ गावांचा लिखित इतिहास १५५८ पासूनच का सुरू होतो, याचे उत्तर अशा लेखनिकांच्या कंटाळ्यात आहे! यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १६४२ नंतर, अनेक ठिकाणी नोंदी विस्कळीत झाल्या. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्षारंभ २५ मार्चला होत असे. हे ध्यानात न घेतल्यास फेब्रुवारीत बाप्तिस्मा झालेले मूल आईबापांच्या विवाहाआधीच जन्मल्याचे दिसते.

जन्म, विवाह, मृत्यू यांच्या वह्या नावे देतात. माणसाचे जगणे त्यांतून क्वचितच कळते. ते सापडते गरिबांच्या पोषणासंबंधीच्या दफ्तरांत. १६०१ च्या कायद्याने निराधारांची जबाबदारी पॅरिशवर टाकली आणि त्यासाठी स्थानिक कर बसविला. साहजिकच, हा निराधार नेमका कोणत्या पॅरिशचा, हा प्रश्न पैशाचा झाला. १६६२ च्या वसाहतविषयक कायद्यानंतर अशा माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करून त्याचा जबाब घेतला जाई : जन्म कोठे झाला, कोणाकडे उमेदवारी केली, कोणत्या मालकाकडे किती दिवस राहिला, वेतन किती मिळाले. अविवाहित नोकराने एका मालकाकडे पूर्ण वर्ष काढले, की त्याला त्या पॅरिशचा हक्क मिळे; म्हणून काही मालक ५१ आठवड्यांचाच करार करीत. विवाहाने स्त्रीला पतीची पॅरिश लाभे. परिणामी, विधवा होताच, जे गाव कधी पाहिलेही नाही अशा गावी तिची मुलांसह रवानगी होऊ शके. अविवाहित गर्भवतीकडून मुलाच्या बापाचे नाव वदवून घेतले जाई, ते नीतीच्या काळजीपोटी जितके, तितकेच खर्च कोणावर टाकायचा यासाठी. ज्या शेतमजुराने स्वतः एक ओळही लिहिली नाही, त्याचे अर्धे आयुष्य अशा जबाबात उतरलेले असते. मात्र तो जबाब आहे, आत्मकथन नव्हे. काय सांगितले असता हाकलले जाणार नाही, याचा विचार सांगणाराही करीतच असणार.

शासकीय नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली, तरी नोंद न करणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद १८७४ च्या कायद्याने आली. १८४१ च्या जनगणनेत प्रथमच देशभर व्यक्तींची नावे घेतली गेली. परंतु प्रगणकांना सूचना अशी होती, की पंधरा वर्षांवरील व्यक्तीचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे. कुटुंबप्रमुखाशी नाते त्यात नाही. नाते आणि जन्माची पॅरिश १८५१ पासून मिळू लागते. १९३१ ची कागदपत्रे १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली आणि १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही.

आता यांतील बरीच सामग्री संगणकावर उपलब्ध आहे. शोध त्यामुळे सुलभ झाला. सिद्धता सुलभ झाली असे म्हणता येत नाही. एकाच पॅरिशमध्ये दहा वर्षांत त्याच नावाच्या दोन मुलांचा बाप्तिस्मा झाला असेल, तर पूर्वज कोणता? त्यांतील एक बालपणीच दफन झाला काय, हे दफनाच्या वहीत पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. हौशी संशोधक पुष्कळदा ही पायरी गाळतो आणि राउंडने ज्यावर आसूड ओढले, तीच बनावट वंशावळ नकळत तयार होते. याउलट, याच वह्यांचा शिस्तबद्ध उपयोग केंब्रिजच्या लोकसंख्या इतिहास गटाने केला. रिग्ली व स्कोफिल्ड यांचा १९८१ चा ग्रंथ ४०४ पॅरिशांच्या नोंदींवर उभा आहे आणि त्या नोंदी मोजण्याचे कष्ट प्रामुख्याने स्थानिक हौशी अभ्यासकांनीच घेतले होते.

या शोधाची एक वाट मुंबईत येते. कंपनीच्या मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या अशा प्रती आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्रज पिता आणि हिंदी माता यांच्या मुलांच्या जुन्या नोंदींत पित्याचे नाव, हुद्दा, पलटण हे सारे असते. मातेच्या नावाची जागा मात्र अनेकदा कोरी असते, किंवा ‘देशी स्त्री’ एवढेच शब्द तेथे असतात. नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला वारस आणि निवृत्तिवेतन यांच्याशी कर्तव्य होते, त्या स्त्रीशी नव्हते. अशा घराण्याचा आजचा वंशज पित्याच्या बाजूने एखाद्या इंग्रज पॅरिशपर्यंत पोहोचू शकतो. मातेच्या बाजूने त्याला पुढे जायचे झाल्यास पित्याचे मृत्युपत्र शोधावे लागते, कारण मालमत्ता देताना तरी त्याला तिचे नाव लिहावे लागले असण्याचा संभव असतो.