शहाजोग हुंडी आणि आधारची झेरॉक्स



बी.कॉम.ला असताना हुंडीचे प्रकार पाठ करायचा मला फार कंटाळा येई. दर्शनी, मुदती, धनीजोग, शहाजोग... परीक्षेपुरते वाचले आणि विसरले. चाळीस वर्षांनी ते पान आठवले, एका फोनमुळे.

मागे आमच्या महिला मंडळाची शिखरजी यात्रा निघाली. हिशेब माझ्याकडे, म्हणून धर्मशाळेच्या खोल्यांचे कामही माझ्याकडे. बावीस जणींनी आधारचे फोटो पाठवले. मी ते सगळे एकत्र करून ग्रुपवर टाकले, "आपापले नाव तपासा" म्हणून. यात्रा छान झाली. चार महिन्यांनी आमच्यातल्या एका वहिनींना कर्जाचा हप्ता थकल्याचा फोन आला. त्यांनी कर्ज घेतलेच नव्हते! आधार माझ्यामुळे बाहेर गेले की आणखी कुठून, ते आजही कळलेले नाही. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला मात्र झोप लागेना.

तेव्हा हुंडी आठवली. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी, अमुक रक्कम द्यावी म्हणून. ती वाटेत चोरीला गेली तर? म्हणून जुन्या सावकारांनी पैसे नुसत्या कागदाला न देता ओळखीला देण्याची रीत ठेवली. 'शहाजोगपणा' हा शब्द आज आपण ढोंगासाठी वापरतो. पण शहाजोग हुंडीचे पैसे फक्त 'शहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळत. हुंडी पुढे चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर असे. हुंडी हरवली तर 'पेठ' म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवली तर 'परपेठ'. आणि पैसे चुकते झाले की हुंडी रद्द. तिला 'खोका' म्हणत. इंग्रजांनी 1881 मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात राखून ठेवले.

पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. बारा आकड्यांची ओळख आली, सोयही झाली. पण मोबाइलवरून कर्ज मिळते तिथे आपल्याला तोंडाने ओळखणारा शहा नसतो, आणि आपण दिलेल्या झेरॉक्सचा कधी खोका होत नाही. ती कुणाच्या तरी खणात जिवंतच राहते.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटे लेख करणे. ते त्या चोराचे. पण त्याच यादीत साकारमंत्रभेदही आहे, दुसऱ्याचे गुपित उघड करणे. माझ्या मनात वाईट नव्हते, तरी तो शब्द वाचताना मला तो ग्रुपच दिसला.

वहिनींबरोबर पोलीस ठाण्यात मीच गेले. ते कर्ज त्यांच्या नावावरून निघायला पाच महिने लागले. तेव्हापासून घरात काही नियम केले आहेत. झेरॉक्स देताना तिच्यावर काम आणि तारीख आडवी लिहायची. जमेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्यायचे. बोटांचे ठसे आधारच्या अ‍ॅपवर लॉक ठेवायचे. बँकेची जुनी पत्रे रद्दीत घालण्याआधी बारीक फाडायची. ओटीपी पोटच्या मुलालाही फोनवर सांगायचा नाही. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो मागवून आपल्या नावावर भलते कर्ज नाही ना ते पाहायचे. आणि पैसे गेलेच, तर त्याच क्षणी 1930 लावायचा.

यंदा श्रवणबेळगोळला निघालो, तेव्हा वहिनींनी मास्क्ड आधारची प्रत माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "काम झालं की परत द्या हं." परतल्यावर त्यांच्याच ओट्यावर बसून मी ती फाडली. खोका केला.