सात एकरांचा हिशेब

पुण्याजवळ पवनेच्या काठी पिंपळे सौदागर नावाचे एक खेडे होते. होते असेच म्हणावयाचे, कारण आज ते पिंपरी-चिंचवड शहरात विरून गेले असून, जेथे जोंधळा डोलत असे तेथे उंच इमारती उभ्या आहेत. शेतीच्या इतिहासात मात्र या खेड्याचे नाव फार दूरवर पोहोचले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनी सहस्रबुद्धे, कानिटकर आदी सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्याची बारकाईने पाहणी केली आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तीत एक हिशेब होता. १७७१ साली या गावी खातेदाराच्या वाट्याला सरासरी ४० एकर जमीन होती. पेशवाई संपली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली. आणि १९१४-१५ साली अवघी ७ एकर उरली. तीही सलग नव्हे. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे पडले होते व त्यांपैकी ४६३ एका एकराहूनही लहान होते. केवळ जमिनीवर विसंबून पोट भरेल अशी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

या आकड्यांनी सरकार हादरले, सुशिक्षितही हादरले. जमिनीचे तुकडे होणे हा एक रोग आहे आणि त्यावर कायद्याचे औषध हवे, ही समजूत त्या काळात पक्की झाली. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात तुकडेबंदीचे बिल आले. त्यास ज्यांनी कडाडून विरोध केला त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. हा प्रश्न त्यांस नवा नव्हता. १९१८ सालीच त्यांनी त्यावर एक निबंध लिहिला होता. त्यांचे म्हणणे विलक्षण सरळ होते. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर राबणारी माणसे, बैल आणि औते यांच्या प्रमाणात ते पाहिले पाहिजे. शेतकऱ्यापाशी असलेली साधने पाहिली तर त्याची जमीन थोडी नसून उलट जास्तच आहे, असे त्यांनी बजावले. शेतीवरचे जादा हात कारखान्यांकडे वळावेत हा त्यांचा उपाय. आणि कौन्सिलात त्यांनी सहकारी शेतीचा पक्ष मांडला. बिल बारगळले. कायदा झाला तो १९४७ साली.

परंतु या सगळ्या वादात एक प्रश्न कोणीच मोठ्याने विचारला नाही. त्या सात एकरांत पिकत काय होते, आणि ते कोणाच्या ताटात पडत होते?

दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी ज्याने पाहिली असेल त्यास उत्तर ठाऊक आहे. खरिपात पाभरीने बाजरी पेरीत जावयाचे आणि पाभरीमागे दोरीला बांधलेला मोघा धरून घरची बाई काही ओळी सोडून तूर मोघीत चालावयाची. मध्येच मटकी, हुलगा, चवळी; कडेला तीळ आणि कारळे; बांधाला अंबाडी. रब्बीच्या जोंधळ्यात करडईच्या ओळी. खुरपणीत निघालेले तांदुळजा व पाथरी ओटीत भरून घरी. पावसाने दगा दिला तरी सगळीच पिके एकदम बुडत नसत, हा त्यातला एक हेतू. दुसरा त्या बाईला कोणी शिकविला नव्हता, तरी तो तिच्या हातून साधत होता. धान्यात जे लायसिन कमी असते ते डाळीत भरपूर असते, म्हणून भाकरीबरोबर हुलग्याचे माडगे किंवा मटकीची उसळ आली की प्रथिनांची भरती होते. तेलबियांनी स्निग्धांश दिला, पालेभाजीने लोह दिले. चार वेगळ्या शेतांत विभागलेले अन्न एका शेतात उभे असे.

वाटण्यांचेही तसेच. चार भाऊ वेगळे निघाले म्हणजे एकाने काळी, दुसऱ्याने माळ, तिसऱ्याने विहिरीखालची जमीन घ्यावी असे ठरविणे सोपे होते. तसे ते करीत नसत. प्रत्येकाला प्रत्येक प्रतीची पट्टी हवी असे. पाहणी करणाऱ्यांना त्यात अडाणीपणा दिसला. आणि एका पट्टीवरून दुसरीवर औत नेताना बैलांची दमछाक होते, बांधात जमीन जाते, हे खोटे नव्हते. पण काळीत गहू-हरभरा, माळावर हुलगा आणि विहिरीखाली भाजी हे प्रत्येक घराला मिळावे, हा व्यवहार त्यामागे होता.

ही गोष्ट एकट्या दख्खनची नव्हे, याचा पुरावा पुढे शंभर वर्षांनी मिळाला. २०१७ साली मारिओ हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६१ देशांतील पिके, दूध-मांस आणि मासळी यांचा हिशेब शेतांच्या आकारावरून मांडला. दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, चीन आणि सहाराखालील आफ्रिका येथे बहुतेक अन्नपदार्थांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वीस हेक्टरांपर्यंतच्या शेतांतून येतो. चीन वगळता याच प्रदेशांत सुमारे तीस टक्के भाग दोन हेक्टरांच्या आतल्या, म्हणजे पाच एकरांहूनही लहान शेतांतून येतो. शिवाय शेत जसजसे मोठे तसतसे पिकांचे वैविध्य घटते. जगातील ८१ टक्के भाजीपाला व ६७ टक्के कडधान्ये अशा विविध पिकांच्या मुलखांतूनच येतात. दर एकरी उत्पन्न लहान शेतात अधिक निघते, हे तर अमर्त्य सेन यांनी १९६२ सालीच भारतीय पाहण्यांच्या आधारे दाखविले होते. घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी कोणी मोजीत नाही, हे त्याचे एक कारण.

यावरून लहान शेतकऱ्याची आरती ओवाळावयास निघणारे लोकही आहेत. त्यांना मी पिंपळे सौदागरची ती कर्जबाजारी घरे आठवून देईन. जे पिकते ते पिकविणाराच खातो असे नाही. दूध पहाटे डेअरीत जाते आणि पोरांच्या वाट्याला कोरा चहा येतो, हे पाहावयास फार दूर जावे लागत नाही. १९९० नंतर विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पसरले. शेते लहानच राहिली, परंतु जोंधळा, मूग, तीळ ही मंडळी त्यांतून उठून गेली. सोयाबीनइतके प्रथिन दुसऱ्या पिकात क्वचितच असेल. त्याचे तेल गिरणीत निघते आणि पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यास जाते. शेतकऱ्याचे घर डाळ दुकानातून आणते.

महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टरांची होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरांवर, म्हणजे साडेतीन एकरांच्याही खाली आली. ज्या सात एकरांनी डॉ. मॅन यांना चिंता पडली, त्यांचा हा निम्माही भाग नव्हे. १९४७ चा कायदा झाल्यावरही भावाभावांत तोंडी वाटण्या होतच राहिल्या. सात-बाऱ्यावर गट एकच असे. शेतात मात्र चार बांध पडलेले असत, आणि त्यांतल्या एखाद्या बांधावर अजून कोणी अंबाडी लावीत असे.