बेटांवरून गोदाकाठी आलेला ऊस

नांदूरमध्यमेश्वरला कादवा गोदावरीला मिळते. तिथला बंधारा आता पक्ष्यांसाठी ओळखला जातो. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून हिवाळ्यात लोक दुर्बिणी घेऊन येतात. मला मात्र तिथं उसाचा इतिहास दिसतो. इंग्रज सरकारने हा बंधारा घातला, १९१६ मध्ये वर दारणा धरण पुरं झालं आणि गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांना भरवशाचं पाणी आलं. त्यातलं बरंचसं खाली कोपरगाव-राहात्याकडे गेलं, ही आमच्याकडची जुनी सल आहे. तरी पाटाचं आणि विहिरीचं पाणी मिळालं तिथं निफाडच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला.

मी उमेदीची वर्षं साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात घालवली. लागणीच्या नोंदी घ्यायच्या, तोडीच्या पावत्या द्यायच्या. नोंदवहीत शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख आणि शेवटी उसाची ‘जात’ असा रकाना असे. त्या शेवटच्या रकान्यानेच मला या पिकाच्या मागे लावलं. तिथले आकडे कुठून आले, हे शोधता शोधता मी थेट समुद्रापार जाऊन पोचलो.

जाड, रसाळ ऊस मूळचा न्यू गिनी बेटावरचा. तिथल्या माणसांनी तो चघळण्यासाठी परसात लावला आणि होड्यांतून बेटाबेटांवर नेला. आपल्या देशात पूर्वापार असलेले बरेच ऊस बारीक आणि काटक, रानटी गवताशी संकर झालेल्या कुळातले. अठराव्या शतकात ताहिती बेटावरचा जाड ऊस फ्रेंचांनी मॉरिशसच्या बाजूला आणला. तिथून १८२७ च्या सुमारास तो जबलपूरला आणला विल्यम स्लीमन यांनी. ठगांचा बंदोबस्त करणारे ते हेच स्लीमन. प्रकृती सुधारायला ते मॉरिशसला गेले होते, येताना बेणं घेऊन आले. त्यांच्या ठगांवर पुस्तकं निघाली, या टिपऱ्यांची आठवण कोणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दख्खनमध्ये जुन्या पिढीचा ऊस म्हणजे पुंड्या. तोही त्याच जाड, मऊ कुळातला. वडील सांगत, पुंड्या लावला की कुंपण आधी, कारण कोल्ह्याला तो आपल्याआधी कळतो. त्यांच्या लहानपणचं गुऱ्हाळ मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलं की ते मला पाठ झालं. चरकाला बैल फिरतायत, चुलवाणात चिपाडं घातली जातायत, काहिलीत रस उकळतोय. ठेचून पाण्यात कोळलेल्या रानभेंडीचा चिकट रस त्यात ओतला की काळपट मळी वर जमते आणि ती झाऱ्याने काढत राहायची. पाक झाला का हे गुळव्या पाण्यात थेंब टाकून पाही. थेंबाची घट्ट गोळी झाली की काहील उतरवायची, क्षणाचाही उशीर चालत नसे. गूळ ढेपेत भरला की मुलांना काकवी मिळे. आजी मात्र दुकानातल्या पांढऱ्या साखरेला शेवटपर्यंत मोरस, म्हणजे मॉरिशसची, म्हणत असे, आणि देवापुढे गूळच ठेवी.

खरी उलथापालथ झाली ती जावा बेटावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं सेरेह रोगाने जाड उसाचे मळे पार बसवले. उसाच्या तुऱ्यातल्या बियांपासून रोपं करता येतात, हे १८८७-८८ च्या सुमारास जावा आणि बार्बाडोस या दोन बेटांवर लक्षात आलं होतं. मग जाड उसाचा रानटी उसाशी संकर करून पुन्हा पुन्हा निवड सुरू झाली. १९२१ मध्ये केलेल्या एका संकरातून पीओजे २८७८ ही जात निघाली आणि १९२९ पर्यंत जावातलं जवळजवळ सगळं ऊसक्षेत्र तिने व्यापलं. गोडी बागायती उसाची आणि ताकद रानगवताची, अशी ती जात होती.

आपल्याकडे कोइमतूरला ऊस पैदास केंद्र १९१२ मध्ये निघालं. तिथल्या हवेत उसाला तुरा येतो आणि बीही धरतं, म्हणून जागा ती निवडली. बार्बर आणि वेंकटरमण यांनी तिथं संकराचा पाया घातला. याच केंद्राने जावाची २८७८ आणि को २९० यांचा संकर करून को ४१९ दिली, साल १९३३. आमच्याकडे तिला नुसतं ‘चारशे एकोणीस’ म्हणत. उतारा चांगला, गूळ चांगला, पण वाऱ्यात लोळायची. तिने पुंड्याला शेताबाहेर काढलं. पुढे ‘सातशे चाळीस’ आली. १९९६ मध्ये पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने को ८६०३२ ‘नीरा’ नावाने दिली. तिच्या वंशावळीत मागे गेलं की पुन्हा जावाची २८७८ भेटते. म्हणजे माझ्या रकान्यातल्या आकड्यांचं मूळ त्या बेटावर होतं.

उष्ण बेटांवरचं हे पीक निफाडच्या थंडीत टिकलं, याचं श्रेय मी शेतकऱ्याला देतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा महाराष्ट्राच्या बातम्यांत झळकतो, इतकी इथली थंडी कडक. अशा थंडीत टिपरीचा डोळा फुगतच नाही, म्हणून जाणती माणसं लागण थंडीच्या आधी उरकत किंवा थंडी सरल्यावर करत.

पुढे द्राक्षाने जमीन घेतली. ओझरला १९२५ मध्ये लावलेल्या द्राक्षवेलींनी तालुक्याचं अर्थकारणच बदललं. पैसा तिकडे आहे, त्यात कोणाचा दोष नाही. पण नव्या जाती करायला जुन्यांचं रक्त लागतं, आणि पुंड्या आता सरीत शोधूनही मिळत नाही. कुणाच्या विहिरीच्या थारोळ्याशी किंवा परसात पुंड्याचं एखादं बेट अजून तग धरून असेल, तर ते उपटू नका. चार टिपऱ्या शेजाऱ्याला द्या, चार पाडेगावला पोचवा.